चमक नको, टिकाव हवा

जुनी पिकअप विकायची ठरली की आदल्या दिवशी ती वॉशिंग सेंटरला जाते. बंपर, मडगार्डच्या पट्ट्या, आरशांची घरं, डॅशबोर्ड, दारांची पॅडं या सगळ्यांवर पॉलिशचा हात फिरतो, टायर काळेभोर होतात आणि दुसऱ्या दिवशी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला गाडी एकदम 'मेंटेन' वाटते. दोन-चार पाऊस पडून गेले की तोच बंपर पुन्हा राखाडी होतो आणि नवा मालकही पॉलिशची बाटली आणतो. बोलेरो पिकअप असो नाहीतर टाटाची जुनी 207, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हे असंच चालतं. या प्रकरणाचं म्हणणं असं, की हा सगळा खर्च उलट्या टोकाने सुरू होतो. प्लॅस्टिक, रबर आणि रेक्झिन यांची रया जाते, कारण ऊन, उष्णता आणि पाणी यांना अडवणारी त्यांची ताकद संपलेली असते. चमक जाणं हे त्या दुखण्याचं नुसतं लक्षण. म्हणून जुन्या गाडीचा साज ताजा करायचा तर ती अडवणूक परत उभी करावी लागते, आणि कोणत्या कामाला आधी पैसे घालायचे हे डोळ्यांना काय खुपतं यावरून न ठरवता कुठे नुकसान चालू आहे यावरून ठरवावं लागतं.

सुरुवात बंपरपासून करू, कारण सगळ्यांत आधी तोच पांढरा पडतो. रंग न दिलेला प्लॅस्टिकचा बंपर काढून उलटा केला तर आतल्या अंगाला रोमन अक्षरांत एक बारीक शिक्का सापडतो, बहुधा 'पीपी + ईपीडीएम-टीडी 20' अशा धाटणीचा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात धक्का सोसण्यासाठी मिसळलेलं कृत्रिम रबर, आणि शेवटचा आकडा सांगतो की त्यात 20 टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड आहे. पॉलिप्रॉपिलीनची घट्ट, स्फटिकी जात इटलीच्या ज्युलिओ नात्ता यांनी 1954 मध्ये तयार केली आणि 1963 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत मिळालं. स्वस्त, हलकं आणि ठोकर बसली तर फुटण्याऐवजी दबणारं हे प्लॅस्टिक गाड्यांना फार सोयीचं ठरलं. पण त्यात एक खोट आहे. त्याच्या लांबलचक साखळीत दर दुसऱ्या कार्बनपाशी एक हायड्रोजन सैल धरलेला असतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो हायड्रोजन सोडवतात, त्या जागी साखळी तुटते आणि तुटलेलं टोक शेजारच्या साखळीलाही बिघडवतं. कारखान्यात याचा बंदोबस्त केलेला असतो. अतिनील किरण शोषून घ्यायला प्लॅस्टिकमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी मिसळतात, आणि तुटण्याची ही मालिका मधेच थांबवणारी स्थिरकारक रसायनंही घालतात. ही रसायनं मात्र वर्षानुवर्षं उन्हात खर्ची पडत जातात. शिल्लक संपली की पृष्ठभाग उघडा पडतो.

आता गंमत अशी की बंपर पांढरा पडला तरी त्यातली काजळी कुठेही गेलेली नसते. याची खात्री करायला एक थेंब पाणी पुरतं. राखाडी पडलेल्या जागी ओलं बोट फिरवा. तेवढाच पट्टा क्षणात काळा होतो आणि वाळला की पुन्हा राखाडी. सड्यावरचा कातळ पावसात काळाभोर आणि उन्हाळ्यात करडा दिसतो, त्यातलीच ही गत. वरचा मिलिमीटरच्या अंशाएवढा थर उन्हाने तडकलेला असतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा पडलेल्या असतात आणि शंखजिऱ्याचे कण उघडे झालेले असतात. उजेड या भेगांवर आपटून चहूकडे विखुरतो, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. पाण्याने भेगा भरल्या की उजेड आत शिरतो आणि खालचा काळा रंग दिसतो. बाजारातलं तेलकट पॉलिश नेमकं हेच करतं, फक्त पाण्यापेक्षा जरा जास्त दिवस. सिलिकॉनचं तेल भेगा भरतं, पावसाने आणि शाम्पूने ते धुऊन जातं, आणि त्या काळात ऊन आपलं काम करतच राहतं. तेलाला अतिनील किरण अडवता येत नाहीत. उलट त्याच्या चिकटपणावर धूळ बसते. म्हणजे दर महिन्याला पॉलिश करणारा मालक भेगा बुजवत नसतो, त्या महिनाभर नजरेआड करत असतो.

मग खरा उपाय कोणता? सुकल्यावर कडक थर बनवणारी कोटिंग मिळतात. ती भेगांत शिरतात, तिथेच घट्ट होतात, आणि चांगल्या जातीच्या कोटिंगमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनंही असतात. बाटलीवर दोन्ही प्रकारांत 'प्लॅस्टिक रिस्टोरर' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे फरक ओळखायला साधी परीक्षा घ्यावी. आतल्या बाजूच्या एका कोपऱ्यावर लावून दिवसभर वाळू द्यावं आणि पांढऱ्या फडक्याने पुसावं. फडकं तेलकट झालं तर ते पॉलिश, कोरडं राहिलं तर कोटिंग. कोटिंगचं यश मात्र लावण्याआधीच्या तयारीवर अवलंबून असतं. नायलॉनच्या ब्रशने शाम्पूचं पाणी लावून खरबरीत पोतात रुतलेली माती आणि जुन्या पॉलिशचे पांढरे डाग काढायचे, पाण्यात निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून तेलाचा अंश पुसायचा, आणि बारीक दाण्यांत पाणी लपून राहतं म्हणून बंपर पुरता सुकू द्यायचा. कोटिंग सावलीत, गार पृष्ठभागावर लावावं. तापलेल्या प्लॅस्टिकवर ते सारखं पसरायच्या आत सुकतं आणि पट्टे उमटतात. पॉलिश पेपर मात्र इथे अजिबात वापरू नये. कारखान्याने साच्यात उमटवलेला दाणेदार पोत एकदा घासला गेला की तो परत आणता येत नाही.

हीट गनने बंपर काळा करण्याची युक्ती हल्ली बरीच चालते, तिचा हिशेबही इथेच करू. गरम हवेने वरचा थर वितळतो, भेगा मिटतात आणि बंपर खरोखर काळा होतो. पण पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गनची हवा सहज 300 अंशांच्या वर जाते. हात जरा थांबला की पोत चकचकीत होतो किंवा पट्टी वाकते. हे कौशल्याने टाळता येईल. टाळता न येणारी गोष्ट ही की उष्णतेने संपलेली स्थिरकारकं परत येत नाहीत. काही महिन्यांत तो थर पुन्हा तडकतो, या वेळी आधीपेक्षा लवकर. हीट गन वापरायचीच असेल तर वर कोटिंग लावण्याआधीची एक पायरी म्हणून वापरावी. रंग देण्याबाबतही असंच आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या अंगाला काही चिकटत नाही, म्हणून कारखान्यात रंगाआधी त्यावर ज्योतीची प्रक्रिया करतात आणि गॅरेजमध्ये प्लॅस्टिकचा खास प्रायमर मारावा लागतो. तो न मारता दिलेला रंग पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो. शिवाय आधी सिलिकॉनचं पॉलिश लागलेलं असेल तर रंगात गोल खड्डे पडतात, ज्यांना पेंटर 'फिश-आय' म्हणतात. स्वस्तातली चमक अशी पुढच्या कामालाही नडते.

शिक्का वाचण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तुटलेला भाग कसा सांधायचा ते कळतं. पीपीचा बंपर घरगुती इन्स्टंट गोंदाला दाद देत नाही. त्याला पीपीचीच कांडी वापरून प्लॅस्टिक वेल्डिंग करावं लागतं. एबीएसचा भाग असेल तर तो ॲसिटोनमध्ये विरघळतो, त्यामुळे त्याचे तुकडे द्रावकाने एकजीव करता येतात. आणि हेडलाइटची काच म्हणून आपण जिला ओळखतो ती बऱ्याच नव्या गाड्यांत पॉलिकार्बोनेट असते. तिला पेट्रोल किंवा थिनरचं फडकं लावलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात.

संरक्षण संपलं की रया जाते, या नियमाचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा म्हणजे हेडलाइट पिवळी पडणं. पॉलिकार्बोनेट उन्हात पिवळं पडतं हे माहीत असल्यामुळे कारखाना त्यावर अतिनील किरण अडवणारा पारदर्शक कडक थर चढवतो. तो थर वाळूच्या कणांनी आणि उन्हाने झिजला की दिवा धुरकटतो. टूथपेस्टने घासलं तर दिवा स्वच्छ होतो हे खरं आहे, कारण टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते. पण घासताना उरलासुरला संरक्षक थरही निघून जातो, आणि काही महिन्यांत दिवा आधीपेक्षा जास्त पिवळा होतो. नीट काम करायचं तर 800 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 1500, 2000 असं पाणी लावून बारीक होत जायचं, कंपाउंडने पारदर्शक करायचं आणि शेवटी अतिनीलरोधक क्लिअर कोट मारायचा. या सगळ्यात शेवटची पायरी सगळ्यांत कमी वेळाची, डोळ्यांना सगळ्यांत कमी फरक दाखवणारी, आणि नेमकी तीच गाळली जाते. ज्या जुन्या पिकअपला खऱ्या काचेचे दिवे आहेत त्यांना ही कटकट नाही. त्यांचा आतला आरसा गंजला की दिवाच बदलावा लागतो.

आता अशा भागाकडे वळू, जो गिऱ्हाइक बघतही नाही आणि ज्याच्यामुळे गाडी खरोखर कुजते: दारांची रबरं. दाराभोवतीचं बिडिंग बहुधा ईपीडीएम रबराचं असतं. ऊन, ओझोन आणि पाणी यांना हे रबर उत्तम तोंड देतं, म्हणून तर ते निवडतात. त्याचा शत्रू एकच, खनिज तेल. डिझेल, रॉकेल, ग्रीस, इंजिन ऑइल यांच्या संपर्कात ईपीडीएम फुगतं, मऊ पडतं आणि त्याचा आकार जातो. आणि आपल्याकडे गाडी 'चमकवायला' डिझेलचं फडकं फिरवण्याची सवय कितीतरी ठिकाणी आहे. डिझेलने रबर तासाभरासाठी काळंभोर दिसतं, पण दरवेळी त्याची पकड थोडी कमी होते. रबर जपायचं तर साबणाच्या पाण्याने पुसावं आणि वाळल्यावर सिलिकॉनचं ग्रीस पातळ लावावं. बंपरवर ज्या सिलिकॉनला नावं ठेवली तेच इथे योग्य, कारण इथे त्याच्याकडून वंगणाची आणि लवचिकतेची अपेक्षा आहे. पकड तपासायला वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावावं आणि पट्टी ओढावी. अडखळत निघाली तर बिडिंग जिवंत आहे. सुळकन निघाली तर तिथून पाणी आत येणार. असं दाराच्या चारही बाजूंनी करत गेलं की नेमका मेलेला तुकडा सापडतो.

पाणी शिरण्याच्या वाटा याशिवायही आहेत, आणि कोकणात जिथे एका पावसाळ्यात 2,500 मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो तिथे त्यांतली एकही क्षुल्लक नसते. खिडकीच्या काचेवरून पाणी दाराच्या पोटात जाणं हे ठरलेलंच आहे. ते बाहेर पडायला दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. चिखल, भाजीपाल्याचा कचरा, सिमेंटची धूळ यांनी ती बुजली की दार आतून गंजतं. दाराच्या पॅडमागे एक प्लॅस्टिकची शीट चिकटवलेली असते. ती पाण्याला दाराच्या पोटातच ठेवते. स्पीकर बसवताना ती बहुतेक वेळा फाडली जाते आणि मग पाणी पॅडला भिजवत पायाशी येतं. वायपरखालच्या जाळीत पानं साचतात. केबिनच्या मागच्या काचेचं रबर, विशेषतः सतत ओव्हरलोड वाहिलेल्या गाडीत, कोपऱ्यात सुटतं. आत आलेलं पाणी मॅटच्या वर कधीच दिसत नाही. मॅटच्या खाली नमद्यासारखं जाड अस्तर असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि त्याखालचा पत्रा आठ-आठ दिवस ओला राहतो. केबिनमध्ये कुबट वास येत असेल तर परफ्यूमची डबी टांगण्याआधी मॅट उचलावी. मासळी वाहणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी या सगळ्यात भर घालतं, कारण मीठ गंजाचा वेग वाढवतं. रबर, भोकं आणि शीट यांवर अर्धा दिवस घालवला तर बाहेरून काहीच बदललेलं दिसणार नाही. गाडीचं आयुष्य मात्र त्याच अर्ध्या दिवसाने वाढतं.

केबिनच्या आत उन्हापेक्षा उष्णता जास्त छळते. समोरची काच दोन थरांची असते, मधल्या प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे ती बहुतेक अतिनील किरण अडवते; बाजूच्या काचा तितकं अडवत नाहीत, म्हणून दाराचा हात टेकायचा भाग डॅशच्या आधी फिका पडतो. डॅशला खरा त्रास तापमानाचा. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टेंपी इथे संशोधकांनी उन्हाळ्यात, बाहेर 38 अंशांच्या वर तापमान असताना, गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजमाप केलं आणि ते 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. उन्हात तासाभरात डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांपर्यंत तापला, सीट 51 पर्यंत, स्टीअरिंग 53 पर्यंत. सावलीतल्या गाडीचा डॅश 48 अंशांवर थांबला. त्या मोटारी होत्या, पिकअप नव्हत्या. पण बंद काचेखाली तापण्याचं गणित दोन्हींत एकच, आणि नागपूर-चंद्रपूरचा मे महिना ॲरिझोनापेक्षा फार सौम्य नसतो. आता रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. 21 अंशांचा फरक म्हणजे सावलीतला डॅश उन्हातल्या डॅशच्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या वेगाने म्हातारा होणार. एवढं काम कुठलीही बाटली करत नाही. झाडाची सावली, काचेमागे लावायचा पडदा, किंवा डॅशवर अंथरलेलं कापड ते फुकटात किंवा थोडक्यात करतं. आपल्याकडच्या पिकअपमध्ये याचा पुरावा तयारच असतो: डॅशवरचा गणपती उचलला तर त्याखालचा चौकोन मूळ रंगाचा निघतो. काळी फिल्म हा मात्र यावरचा उपाय नाही. नियमानुसार पुढच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

सीटचं रेक्झिन पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवण्यासाठी त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळतात. उष्णतेने ती हळूहळू उडून जातात. बऱ्याच दिवसांनी पुढची काच आतून पुसली की फडक्याला जो तेलकट थर लागतो, त्यात या द्रव्यांचाही वाटा असतो. द्रव्य गेलं की रेक्झिन आकसतं आणि शिवणीपाशी फाटतं. स्पिरिट, थिनर किंवा पेट्रोलने सीट पुसली तर वर्षांचं नुकसान मिनिटांत होतं, कारण ही द्रावकं तीच द्रव्यं ओढून घेतात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. फाटलेल्या सीटवर नवं कव्हर चढवण्याआधी आतला फोम बघावा. चालकाच्या सीटची दाराकडची कड चढ-उतार करताना सगळ्यांत आधी चेपते. तिथे फोमचा नवा तुकडा न भरता कव्हर चढवलं तर तेही त्याच जागी फाटतं. कुशनवाल्याला हे माहीत असतं, पण गिऱ्हाइकाने फक्त कव्हरचे पैसे ठरवले तर तो कव्हरच चढवणार. आणि डॅशवर चकचकीत पॉलिश हे तर साफ चुकीचं. कारखाना डॅश मुद्दाम गडद आणि मंद ठेवतो, नाहीतर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून रस्ता दिसत नाही. स्टीअरिंगला आणि पॅडलला तेलकट काही लावणं तर सरळ धोक्याचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही धंद्याची गाडी, लग्नाची नव्हे, तिला एवढं कोण जपतं? आक्षेपाचा अर्धा भाग बरोबर आहे. हौद्याच्या आतल्या बाजूला ओरखडे पडणारच, तिथे रंगाची हौस करण्यात अर्थ नाही. सांध्यांतला गंज खरवडून प्रायमर मारला की झालं. पण या प्रकरणातली बहुतेक कामं शोभेची नाहीतच. माल वाहणाऱ्या गाडीला 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. तिथे दिवे, आरसे, वायपर, आणि पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी अशी रेडियमची पट्टी बघतात. धुरकट दिवा, हलणारा आरसा आणि निघालेली पट्टी ही साजाचीच कामं, आणि तीच गाडी परत पाठवतात. शिवाय चालक त्या केबिनमध्ये दिवसाचे दहा-बारा तास काढतो. चेपलेली सीट आणि ओली मॅट यांची किंमत पाठीला आणि पत्र्याला मोजावी लागते. पत्रा बदलायला गाडी उभी राहिली तर भाडं थांबतं, हप्ता थांबत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे: पार्ट स्वस्त झालेत, मग डागडुजी कशाला, सगळं नवंच बसवा. काही बाबतींत हेच करावं. बिडिंग, वायपर ब्लेड, पॅडलची रबरं, दाराच्या पॅडच्या क्लिपा या गोष्टी झिजण्यासाठीच असतात; त्या जपत बसणं हा वेळेचा अपव्यय. क्लिपा तर पॅड काढतानाच तुटतात, विशेषतः थंडीत, म्हणून काम सुरू करण्याआधी आणून ठेवाव्यात. बंपर आणि डॅश यांची गोष्ट वेगळी. दुकानात मिळणाऱ्या बिनकंपनीच्या बंपरमध्ये स्थिरकारकं किती घातली आहेत ते बाहेरून कळत नाही. काळा रंग तर कंपनीच्या बंपरचा आणि त्याचा सारखाच. जुना, अभंग, फक्त राखाडी पडलेला कंपनीचा बंपर कोटिंग करून वापरणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. आणि 'नवं बसवायचंच' म्हणून पुढे लोखंडी बुल-बार लावण्याचा मोह टाळावा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं, कारण त्यामुळे टक्कर झाल्यावर पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि धक्का बंपरने पचवण्याऐवजी थेट चासीवर जातो.

तिसरा आक्षेप पैशाचा: कोटिंगच्या किमतीत पॉलिशच्या कितीतरी बाटल्या येतात. येतात, पण हिशेब बाटलीमागे न करता वर्षामागे करावा. तेलकट पॉलिश दर महिन्याला लागतं, त्याचा वेळ वेगळा, आणि त्या वर्षभरात प्लॅस्टिक आणखी तडकलेलं असतं. कोटिंग एकदा नीट लावलं की पुष्कळ दिवस पुरतं आणि ते झिजत असताना खालचं प्लॅस्टिक झिजत नाही. ज्याला तेवढा खर्च झेपत नाही त्याने पॉलिशही आणू नये; तेच पैसे बिडिंगवर आणि काचेमागच्या पडद्यावर घालावेत. राखाडी बंपरने गाडीचं काही बिघडत नाही, ओल्या मॅटने बिघडतं.

चौथा मुद्दा नीतीचा आहे. साज ताजा करणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं नव्हे का? पॉलिशच्या बाबतीत तो आरोप बऱ्याच अंशी खरा आहे, कारण ते झालेलं नुकसान झाकतं. मात्र प्लॅस्टिक खोटं बोलत नाही, वाचायची सवय हवी. बहुतेक भागांच्या आतल्या बाजूला घड्याळासारखा एक गोल शिक्का असतो: कडेने 1 ते 12 आकडे, मध्ये वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि महिन्याकडे बोट दाखवणारा बाण. तो भाग साच्यातून कधी निघाला ते त्यावर कोरलेलं असतं. गाडी 2015 ची आणि एका बाजूच्या मडगार्डच्या अस्तरावर 2019 असेल तर तो भाग नंतर बदललेला आहे, एवढं निश्चित, आणि ती बाजू बहुधा कधीतरी ठोकलेली आहे. ओडोमीटर कमी दाखवतो पण क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत आणि स्टीअरिंगचा पोत हाताच्या जागी घासलेला, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. प्रामाणिक मालकाने केलेलं काम मात्र उघड दिसतं: नवं बिडिंग, मोकळी भोकं, कोरडी मॅट, आणि चकचकीत नसलेला, एकसारखा मंद काळा बंपर.

तेव्हा जुनी पिकअप हाती आल्यावर कामाचा क्रम असा असावा. आधी पाणी अडवायचं: बिडिंग, दाराची भोकं, आतली शीट, मॅटखालचं अस्तर. मग दिवे, आरसे आणि रेडियम, कारण त्यांवर रस्त्यावरचा जीव अवलंबून असतो. त्यानंतर सीटचा फोम आणि मग कव्हर. डॅशला सावली. बंपर आणि पट्ट्यांना शेवटी कोटिंग. एवढं केल्यावर पैसे उरलेच तर पॉलिश आणायला हरकत नाही, पण तोवर त्याची गरज वाटेनाशी होते. आणि दुसऱ्याची गाडी घ्यायला जाल तेव्हा बंपरच्या काळ्या रंगावर जाऊ नका. चालकाच्या पायाखालची मॅट उचला, खाली हात लावून बघा, आणि मगच भाव बोला.